बारा जणांनी अंगठा दिला नाही

आजी काल गेली.
"गरीब स्वभावाची होती" असं कमेंटमध्ये कुणी लिहू नका. नव्हती.

ही पोस्ट मी तिसऱ्यांदा लिहितेय. घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिली, त्यामुळे चुकीचं काही लिहिलं जाईल याचं टेन्शन येतं. म्हणून आधीच सांगते, ज्या कागदाची ही गोष्ट आहे तो मी पाहिलेला नाही. आजीच्या तोंडून ऐकलं तेवढंच लिहितेय.

तिचे वडील, भिवाबाबा, खाडीवरच्या लष्करी ठाण्यात शिपाई होते. आमच्या बौद्धवाडीला तेव्हा महारवाडा म्हणत. तिथले बारा जण त्या ठाण्यात भरती झाले होते.

चाळीसच्या दशकात, महायुद्ध संपल्यावर कधीतरी गोरी पलटण ठाणं सोडून जायला निघाली. सगळं सामान बोटीवर चढेपर्यंत साहेबाला ही गावची माणसं हवी होती. त्यानं सुभेदाराला कागद घेऊन पाठवलं.

आजी सात वर्षांची. बाबांची भाकरी घेऊन गेली होती, ती तिथेच थांबली.

"अंगठे द्या," सुभेदार म्हणाला. "शेवटच्या बोटीपर्यंत नोकरी पक्की."

बाबा पलटणीच्या शाळेत वाचायला शिकले होते. त्यांनी कागद मागून घेतला.

"सुभेदार, यात शिपाई कुठं हाय? हमाल लिवलंय."

"पगाराशी मतलब ठेव, भिवा. घरी जाऊन काय करशील? मेली ढोरं ओढशील?"

"ती बी वढनार न्हाय. शिपाई लिवा, आत्ता पहाऱ्याला उभा ऱ्हातो."

मागून एक जण म्हणाला, "मंग सामान साहेबच चढवतील जनू."

सगळे हसले. अंगठा एकानंही दिला नाही.

मी आजीला विचारलं होतं, "त्यांना भीती नाही वाटली?"

"वाटली की. घरात दाना न्हवता. पन भ्या वाटलं म्हून अंगठा द्याचा का गं?"

तिसऱ्या दिवशी नवा कागद आला. त्यावर शिपाई होतं. शेवटची बोट सुटेपर्यंत बाराही जण वर्दीत पहारा देत राहिले.

मग घरी निघाले. आजी त्यांना आणायला गेली होती.

गावाच्या मधल्या आळीतून आमच्या लोकांना वहाणा हातात घेऊन जावं लागे. हे बारा जण पलटणीचे बूट घालून, रांगेत, त्याच आळीतून आले.

ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "भिवा, बूट काढ."

बाबा थांबले नाहीत.
सगळ्यांच्या पुढं, अनवाणी, आजी चालत होती.

गावानं नंतर वाडीला वाळीत टाकलं. ढोर मात्र आमच्यातल्या कुणी पुन्हा ओढलं नाही.

सखूआजी, ताठ मानेनं आम्ही तुला निरोप देतोय.