खालच्या तारांची गिटार

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. डोंगरकडा या गावात माझं सुतारकाम चालायचं. बैलगाड्या, तिफणी, दारं. बाळंतपणात बायको गेली, लेकरूही वाचलं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी कामाला बसलो. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती. भावजय ताट ठेवायची, मी जेवायचो.

त्याच सुमारास हिंगोलीचे एक ख्रिस्ती मास्तर मोडलेली गिटार दुरुस्तीला देऊन गेले. असलं वाद्य मी पहिल्यांदाच पाहत होतो. जोडून परत दिली, पण आधी तिची मापं फळीवर आखून घेतली. काहून घेतली, सांगता येत नाही. मग शिवणीचं लाकूड आणून तशीच एक करायला घेतली.

सासरे शिरड शहापूरचे. लेक गेल्यावरही ते येत राहिले. ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, जायचे. तिचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

एकदा त्या अर्धवट गिटारीवर हात फिरवून म्हणाले, "जावईबापू, ह्याला खालून तारा न्हाईत?"

"सहाच असतात, मामा."

"तरुणपणी हैदराबादेत चाकरीला होतो, तवा सतारीला पाह्यल्या होत्या. वरची तार छेडली की खालच्या आपोआप घुमायच्या. त्यांना कुणी बोटबी लावत न्हाई."

"बसवू मग."

तारा त्यांनीच आणल्या. पहिल्या खेपेला एवढ्या तारांच्या ताणानं दांडी वाकली आणि तारा ज्यावर टेकतात ती घोडी उखडून आली. मला वाईटही वाटलं नाही. दांडी सागवानाची, जाड केली. पोटात आडव्या पट्ट्या चिकटवल्या. मामा समोर बसून खुंट्या घासायचे. "सरस तापला का?" यापलीकडे आमचं बोलणं नसे.

शेवटी खालच्या तारा त्यांनी सुरात लावल्या. मी वरची एक छेडली. ती हातानं दाबून थांबवली, तरी आतून आवाज येतच राहिला. मामांनी पटक्याचं टोक तोंडाला लावलं.

"लेकराचं तोंडबी दिसलं न्हाई वो मला," म्हणाले आणि हमसून रडले.

मी जवळ जाऊन बसलो. मला काहीच होत नव्हतं. घोडीचा एक कोपरा किंचित वर राहिलाय, तो घासायला हवा, एवढंच डोक्यात होतं.

ती गिटार ते घेऊन गेले. मी आणखी एक केली, ती मास्तरांनी नेली. दसऱ्यानंतर मामा पुन्हा आले.

"पुसेगावला एक पोरगी बघून आलो."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. असं किती दिस बसून राहता?"

"तुमी काहून बघता, मामा?"

"मग कोण बघंल?"

मी बरं म्हणालो. लग्नात माझ्या बाजूनं तेच उभे राहिले. पहिलं वर्षभर मी नव्या बायकोशी कामापुरतं बोललो असेन. मग एकदा ती तापानं फणफणली. वैद्याकडे पळत निघालो, अर्ध्या वाटेत पाहिलं तर रंधा हातातच होता. तेव्हा कळलं, मी घाबरलो होतो. ती बरी झाली.