नऊची गोळी आणि सात फोन

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत," वर्ध्याच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझं अर्धं लक्ष बसच्या वेळेकडे होतं. पाय सुजतात म्हणून दाखवायला आले होते. हिंगणीला आमचं वांग्या-टोमॅटोचं शेत आहे, दिवसभर उभं राहून पाय सुजतात असंच मी धरून चालले होते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, माझ्या अंगातच साठत होता.

मग दीड वर्ष डायलिसिस. आठवड्यातून तीनदा मशीन माझं रक्त धुऊन द्यायची. पाणी मोजून, फळं बंद. रडले का? भरपूर रडले. शेवटी मिस्टरांचा रक्तगट जुळला, बाकी तपासण्याही जुळल्या.

"मले दोन हायेत. एक तू घे," एवढंच ते बोलले. आमच्याकडे बायको नवऱ्याला किडनी देते हे ऐकलं होतं, उलटं कोणी पाहिलं नव्हतं. मी तर गावभर मिरवले.

ऑपरेशननंतर माझी लघवीची पिशवी भरलेली पाहायला मिस्टर टाक्यांवर हात धरून आले. "बोर धरण भरलं वं!" असं गावाजवळच्या धरणाचं नाव घेऊन ओरडले आणि सिस्टरची बोलणी खाल्ली.

आता ज्यांना नवी किडनी बसली आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. आपलं शरीर परक्या किडनीवर हल्ला करतं. ते थांबवायला टॅक्रोलिमस नावाची गोळी असते. डॉक्टरांनी सांगितलं, की हल्ला करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक प्रोटीन असतं. त्याला फॉस्फेट चिकटलेलं असतं तोवर ते गप्प बसतं. कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम ते फॉस्फेट काढून टाकतं. अशा एन्झाइमना फॉस्फेटेज म्हणतात. फॉस्फेट निघालं की प्रोटीन पेशीच्या केंद्रात शिरतं आणि हल्ला सुरू होतो. गोळी या कॅल्सिन्युरिनलाच अडवते.

"म्हंजे बैलाचं मुसकं," मिस्टर म्हणाले. डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकात कोळपणीच्या वेळी बैलानं पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतो, ते. "मुसकं सोडणाऱ्याचा हात धरून ठेवते गोळी."

डॉक्टर खूश झाले. गोळी कमी पडली तर बैल नव्या किडनीत तोंड घालणार, जास्त झाली तर औषधच किडनीला बाधणार. म्हणून ट्रफ लेव्हल तपासतात, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी रक्तात औषध किती उरलं ते.

गोळी सकाळी नऊला आणि रात्री नऊला. मी विसरेन म्हणून मिस्टरांनी सासूबाई, नणंद, माझा देवळीचा भाऊ अशा सात जणांच्या मोबाइलात नऊचा अलार्म लावून दिला. अलार्म वाजला की सगळे मला फोन करत.

तपासणीच्या दिवशी मी रक्त द्यायच्या रांगेत होते आणि मिस्टर काउंटरवर चिठ्ठी काढायला गेले होते. नऊ वाजले. पहिला फोन सासूबाईंचा. "गोळी घेतली काय वं?" आज उशिरा घ्यायची आहे, मी सांगितलं. "उशिरा काऊन? पोरानं किडनी काऊन देली मंग?" मग नणंद, मग भाऊ. पाचव्या फोनला मी घाबरून गोळी गिळली. तासाभराने नंबर लागला तेव्हा रक्त दिलं आणि कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "लेव्हल बरीच वाढली आहे. डोस कमी करू."

त्यांनी पेन उचललं. माझ्या तोंडाला कुलूप. मूर्ख दिसायची लाज, दुसरं काय! शेजारी मिस्टर "बरं झालं, गोळी कमी झाली" म्हणून हसत होते. त्यांची किडनी माझ्या पोटात, आणि मी गप्प बसून तिच्यावर बैल सोडणार होते. मला एकदम रडू फुटलं.

"साहेब, मी गोळी घेऊन रक्त देलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बोललात ते फार बरं केलं. डोस आहे तोच राहू द्या. उद्या गोळीआधी पुन्हा रक्त द्या."

बाहेर आल्यावर मिस्टर चिडतील असं वाटलं होतं. ते भिंतीला टेकून हसत सुटले. "तुही चूक नाई. सात अलार्म मीच लावले ना!"

दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजले. "नाई घेतली, आणि रक्त देल्याबिगर घेत नाई!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळी रांग वळून पाहू लागली. या खेपेला लेव्हल अगदी हवी तेवढी आली. डोस तोच, किडनी झकास. डॉक्टरांसमोर शहाणं दिसायच्या नादात माझ्यासारखे गप्प बसू नका, एवढंच माझं सांगणं.

मी सगळ्यांना आनंदाने फोन केले आणि झालेला घोटाळाही सांगितला. सासूबाईंना मात्र वाईट वाटलं. "मंग आता नऊले फोन नाई लावू काय?"

मी लगेच सासूबाईंना म्हटलं, "लावजा ना आत्याबाई. रोज लावजा. तुमचा फोन आला का मले लय बरं वाटते. फक्त तपासणीच्या दिवशी मी नाई म्हटलं, तं मले शिव्या देऊ नोका."

"शिव्या त देईनच," त्या म्हणाल्या.