दसऱ्याचा भत्ता

"पदर पसर," काकासाहेब म्हणाले.

मी पसरला. दोन्ही हातांनी टोकं धरून, कमरेत वाकून. ते मुलींच्या वसतिगृहाच्या वरच्या पायरीवर, आम्ही कामाच्या बाया खाली. त्यांनी नोटांची घडी शमीच्या पानांत धरली आणि वरून सोडली. हाताला हात लागू नये एवढ्या उंचीवरून. वारा होता. घडी पदराबाहेर गेली, नालीच्या काठाला पडली.

"उचल. लक्ष्मी आहे. आणि नीट धरायला शीक."

गॅलरीतल्या मुली हसल्या. त्यातल्याच एकीची उलटी मी आदल्या आठवड्यात ओंजळीत झेलली होती.

मी घडी उचलली. कपाळाला लावली. "उपकार झाले, काकासाहेब," म्हणाले. मनापासून म्हणाले.

मी साताऱ्याकडची, महारवाड्यातली. तिसरीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन ग्वाल्हेरला आले. नवरा कॉलेजात चौकीदार. दोन पोरी मागे ठेवून तो तापाने गेला. काकासाहेब त्याच कॉलेजच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक. घराणं मूळ आपल्याकडचं, दख्खनचं, आजोबा इथल्या राजाच्या दरबारात कारकून. त्यांनीच मला कामाला लावलं, थाटीपुरात सरकारी खोली मिळवून दिली. परमुलखात आपली भाषा बोलणारा माणूस. मी त्यांना देव मानलं. देव कोपला तर पोरी घेऊन कुठे जायचं, ही धास्ती रोज उठल्यापासून.

झाडलोट सगळ्याच करायच्या. आजारी खोली मात्र आम्हा तिघींकडे. कांजिण्या, जुलाब, ताप. ज्या मुलीला घरचं माणूस येईपर्यंत कोणी शिवत नसे, तिचं आम्ही करायचं. तिला उठवायचं, पुसायचं, तिचे कपडे धुवायचे. तेव्हा मात्र आमचा हात चालायचा. मला वाटायचं, हे पगारातच आलं. दसऱ्याला मिळतं ती काकासाहेबांची बक्षिसी, त्यांच्या खिशातली. दरबारात तशी रीत होती म्हणे. मालकाने वरून टाकायचं, चाकराने पसरून घ्यायचं.

बक्षिसी घेतली तर फेडायला नको? म्हणून सुट्टीच्या दिवशी मी टोपी बाजारामागे त्यांच्या घरी जायची. गोठा काढायची, लाकडं फोडायची. फुकट. मी रचलेल्या लाकडांवर बाईसाहेब पाणी शिंपडायच्या, मग आत न्यायच्या. त्याचंही मला काही वाटत नसे.

मग मध्य भारत हे राज्य मोडून मध्य प्रदेश झाला. मागाहून आमचं कॉलेज युनिव्हर्सिटीत गेलं. इकडची माणसं तिकडे, तिकडची इकडे. इंदूरच्या वसतिगृहातून कमला आली. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. तिलाही आजारी खोलीच दिली.

एकदा चादरी पिळताना मी तिला म्हणाले, इथे दसऱ्याला साहेब बक्षिसी देतात. देवमाणूस आहे.

"काहे की बक्षिसी?"

"आजारी खोलीवाल्यांनाच देतात."

कमलाने चादर बादलीत सोडली. "अरी बावली, वो तो भत्ता है. बीमारों के काम का. हमारे यहाँ हर महीने पगार के संग मिलता था. हाथ में."

"इथली रीत आहे. राजाच्या वेळची."

"राजा गया. तू झुकी रह गई."

मी भीतभीत ऑफिसातल्या बडे बाबूंना, हेडक्लार्कना, विचारलं. तेच पगार वाटायचे. मान वर न करता म्हणाले, "हाँ, मंज़ूर है. हर महीने का. काकासाहेब ले जाते हैं. कहते हैं, औरतें उड़ा देंगी."

काकासाहेबांनी त्यातला पैसा खाल्ला, असा आळ मी घेत नाही. नसेलही खाल्ला. पण परक्याच्या लेकीची घाण मी काढली, आणि त्याचे पैसे दान म्हणून त्यांच्या नावावर चढले. वर त्या दानापायी मी त्यांची लाकडं फोडली. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लाकडं बंद केली. बाईसाहेबांचा निरोप आला, आजारी आहेस का. नाही म्हणून सांगितलं.

पुन्हा दसरा आला. त्याच पायरीखाली उभी राहिले. पदर कमरेला खोचलेला.

"पदर?"

"हातावर द्या, काकासाहेब."

आवाज माझाच होता. बारीक होता, पण निघाला.

"तुझ्या हातावर?"

"याच हाताने मुलींना पाणी पाजते. नाहीतर ऑफिसात पगाराबरोबर ठेवा. भत्ता आहे तो."

त्यांनी आधी कमलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले. "मध्य प्रदेश झाला, तर महारीण बाईसाहेब झाली वाटतं. नवरा मेला तेव्हा कोण धावलं होतं?"

"तुम्ही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे काम मी केलंय."

"थाटीपूरची ती खोली माझ्या शब्दावर आहे, विसरू नकोस." घडी त्यांनी खिशात घातली. "पुढची."

बाकीच्यांनी पसरला. कमलानेही पसरला. तिची चार पोरं आहेत, नवरा पितो. मी तिला नावं ठेवत नाही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते मला घडीपेक्षा जास्त लागलं.

त्या दसऱ्याला पोरींना गोड केलं नाही. थोरली म्हणाली, "आई, एकदा वाकली असतीस." मी तिला मारलं नाही. जवळही घेतलं नाही.

आजारी खोली माझ्याकडून काढली नाही. ते करायला दुसरी कोण येते?

पगाराच्या दिवशी रांगेत उभी राहिले. पगार घेतला आणि म्हणाले, "आजारी खोलीचे?"

"काकासाहेब से लो," बडे बाबू म्हणाले.

"काम कॉलेजचं केलं. काकासाहेबांचं नाही."

"एक तरफ़ हटो. पीछे लाइन है."

मागून धक्के बसत होते. कोणी म्हणालं, "अरे, दखनी को आज क्या हो गया." मी टेबलाची कड धरून ठेवली. शेवटी चपराशाने दंड धरून बाहेर काढलं.

पुढच्या पगाराला मी त्याच टेबलाशी जाणार आहे. त्याच्या पुढच्यालाही. राहती खोली काढून घेतील, तर पोरींना घेऊन रांगेत येईन. भीती गेलेली नाही. तरी टेबलाची कड धरून उभी राहीन, आणि हटणार नाही.