एक नंबरचं रक्त

अण्णा जोगळेकर कोट काढून लाकडी बाकावर आडवे झाले होते. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. उजव्या हाताने त्यांनी पगडी पोटावर धरून ठेवली होती. शेजारच्या खाटेवर मिरकरवाड्याची चंद्रभागा पडली होती. सकाळी उजाडताना ती घरी बाळंत झाली होती आणि इतकं रक्त गेलं होतं, की आता नाडी हाताला लागत नव्हती. मी काचेची बरणी, रबरी नळी आणि सुया उकळून तयार ठेवल्या होत्या. अण्णांचं रक्त काढायचं आणि चंद्रभागेला द्यायचं, एवढंच बाकी होतं.

"काच बघितलीत?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"गरज नाही," मी म्हणालो. "दोघंही एक नंबरची आहेत. रजिस्टरमध्ये आहे."

हे मी ज्या रुबाबात म्हणालो, तो रुबाब आठवला की आज या वयातही कान गरम होतात. म्हणून ते रजिस्टर कसं तयार झालं, ते आधी सांगतो.

एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमाराची गोष्ट. मी नुकताच मुंबईहून डॉक्टर होऊन रत्नागिरीला एका छोट्या धर्मादाय इस्पितळात लागलो होतो. दहा खाटा, एक नर्स, एक कंपाउंडर, मोठे डॉक्टर आणि मी. मोठे डॉक्टर माधवराव. बोलणं कमी, ऐकणं जास्त. मी याच्या नेमका उलटा.

मुंबईत असताना मी दोन आठवडे रक्ताचे गट बघायला शिकलो होतो. दोनच आठवडे, पण इथे आल्यावर 'रक्ताचं काम माझ्याकडे द्या' असं मी दोन वर्षं तेच केल्यासारखं सांगितलं. काम तसं सोपं असतं. दोन बाटल्यांत दोन प्रकारचं सीरम असतं. सीरम म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी. काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, दोन्हींचा एकेक थेंब ठेवायचा आणि प्रत्येकात माणसाच्या रक्ताचा थेंब मिसळायचा. कुठे दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात, कुठे होत नाहीत. एकात झाल्या, दुसऱ्यात झाल्या, दोन्हींत झाल्या किंवा कशातच झाल्या नाहीत, असे चार गट. तेव्हा त्यांना आजच्यासारखी अक्षरं सगळीकडे रुळली नव्हती. एक, दोन, तीन, चार असे नंबर होते. कुठल्या गुठळीला कुठला नंबर, याचा तक्ता सीरमच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला असायचा.

रक्त साठवून ठेवायची सोय तेव्हा नव्हती. वेळ आली की जुळणारा माणूस पकडून आणायचा. म्हणून गावातल्या लोकांचे गट आधीच लिहून ठेवावेत असं मी सुचवलं. माधवराव म्हणाले, "करा."

तेवढंच केलं असतं तर लोकांनी मला शहाणा म्हटलं असतं. पण रजिस्टर आखताना मी आणखी दोन रकाने पाडले. 'आहार' आणि 'प्रकृती'.

पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या तशी मुंबईच्या एका दुकानदाराकडून सीरमची पहिली पेटी आली. बाटल्या घागरीत घालून विहिरीत सोडून ठेवायच्या, म्हणजे गार राहतात. ती पेटी घेऊन मी मिरकरवाड्यात खारव्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत गेलो. होड्या लागल्या की बोटाला सुई टोचायची, थेंब घ्यायचा. ते हसत टोचून घ्यायचे. जिकडेतिकडे एक नंबर. चार नंबर अगदी विरळा. चंद्रभागेला तेव्हा तिसरा महिना होता. तीही एक नंबर.

पेटी संपली. त्या दुकानदाराकडे माल नव्हता, म्हणून दुसऱ्याकडून मागवली. ती यायला तीन महिने गेले. दुसरी पेटी घेऊन मी कचेरी, हायस्कूल, कोर्टातले वकील असा फिरलो. बहुतेक सगळे शाकाहारी. इथे जिकडेतिकडे चार नंबर, आणि एक नंबर विरळा. मी स्वतःचंही रक्त बघितलं. चार नंबर.

मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. मासे खाणाऱ्यांचं रक्त एक नंबर, वरणभात खाणाऱ्यांचं चार नंबर! हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता आणखी एक पाऊल टाकलं की झालं. ज्याचं रक्त एक आणि आहार दुसरा, तो आजारी पडणारच.

आणि गंमत म्हणजे तसे सापडलेही. मिरकरवाड्यातल्या बाळा तांडेलाचं रक्त चार नंबर आणि अंगाला खाज. त्याला मी म्हावरं, म्हणजे मासे, सोडायला सांगितलं. कचेरीतले हेडक्लार्क अण्णा जोगळेकर एक नंबर, आणि त्यांचं अम्लपित्त अख्ख्या कचेरीला ठाऊक. ढेकर देऊन ते फाइल बंद करायचे. त्यांना मी दवाखान्यात बोलावून घेतलं.

"अण्णा, तुमच्या पोटाचा दोष नाही," मी म्हणालो. "तुमचं रक्त एक नंबरचं आहे. मिरकरवाड्याचं."

अण्णांनी उठून दार लोटलं. "हळू बोला हो. काय म्हणालात?"

"तुमच्या रक्ताला मासे लागतात. तुम्ही त्याला चाळीस वर्षं भोपळा घालताय."

त्यांनी पगडीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "औषध म्हणून चालेल?"

आधी कॉड लिव्हर ऑइल झालं. त्याने ढेकर वाढले. मग त्यांच्या कचेरीतल्या एका मासे खाणाऱ्या स्नेह्याकडे, भाट्याच्या खाडीजवळ, आठवड्यातून तीन दिवस 'औषध' सुरू झालं. घरी सांगायचं, फिरायला जातो. महिन्याभरात अम्लपित्त गेलं. अण्णा माझ्याकडे नारळ घेऊन आले. मी त्याच आठवड्यात लेख लिहून मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवला.

माधवरावांना दाखवला तेव्हा त्यांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "आगाशे, तुम्ही रक्त बघा. जेवण ज्याचं त्याला बघू दे."

मला वाटलं, म्हातारा जळतोय.

तर आता त्या सकाळी परत येतो. चंद्रभागेला डोलीतून आणलं तेव्हा बरोबर फक्त तिची सासू होती. नवरा आणि दीर बांगड्याच्या मागे समुद्रात गेलेले. वस्तीतले बहुतेक सगळे बाप्ये समुद्रात. माधवरावांनी अडकलेली वार काढली, रक्त थांबवलं, शिरेतून मिठाचं पाणी दिलं. तरी पोरीचे ओठ कागदासारखे पांढरे.

"रक्त दिल्याशिवाय जमणार नाही," ते म्हणाले.

सासू पुढे आली. "माजा घेवा वो डाक्तर. पायजे तेवढा घेवा." तिच्या अंगात तिच्यापुरतंही नव्हतं. हिवतापाने वाळून गेलेली बाई.

मी रजिस्टर उघडलं. चंद्रभागा, एक नंबर. जवळ एक नंबरचं कोण? कचेरी हाकेच्या अंतरावर. कंपाउंडरला पळवलं. आणि अण्णांची तारीफ केली पाहिजे, ते हातातली लेखणी टाकून तसेच आले. कुणाला रक्त द्यायचंय हे ऐकल्यावर एवढंच म्हणाले, "एक नंबर पाहिजे ना? मग मीच."

आणि मग माधवरावांनी तो काचेचा प्रश्न विचारला. म्हणजे देणाऱ्याचं रक्त आणि घेणाऱ्याचं सीरम एकत्र करून गुठळ्या होत नाहीत ना, ते शेवटचं बघणं.

"दोघंही रजिस्टरमध्ये आहेत," मी पुन्हा म्हणालो. "वेळ जाईल."

"रजिस्टरला रक्त द्यायचं नाहीये. काच बघा."

मी चिडून स्लाइड घेतली. चंद्रभागेचं सीरम, अण्णांच्या रक्ताचा थेंब. काच हलवली. मिनिटभरात थेंब फाटला. लाल कण्या आणि मध्ये पाणी.

"स्लाइड घाण असेल," मी म्हणालो.

"धुवा. परत करा."

धुतली. स्पिरिटने पुसली. परत केलं. परत कण्या. हे रक्त चंद्रभागेच्या अंगात गेलं असतं तर तिथेही हेच झालं असतं, आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नसतं. नर्सने स्लाइड माझ्या हातातून काढून घेतली.

"काय झाला?" सासूने विचारलं. अण्णा बाकावर उठून बसले होते. "माझ्यात काही खोट आहे का?"

"तुमच्यात नाही," माधवराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बोट पुढे करा."

त्यांनी स्वतः माझ्या बोटाला सुई टोचली आणि तिच्या सीरममध्ये माझा थेंब मिसळला. काच उजेडाकडे धरली. हलवली. पुन्हा धरली. थेंब लोण्यासारखा एकसारखा राहिला.

"पण मी चार नंबर आहे!" मी ओरडलो.

"आगाशे, आडवे व्हा."

अण्णा उतरले, मी चढलो. बरणीत रक्ताची धार पडताना मला दिसत होती. रोज दुसऱ्यांना सुया टोचणारा मी, अर्धी बरणी भरायच्या आत घामाने भिजलो. सासूने पदराने वारा घालायला सुरुवात केली. चंद्रभागेला नाही, मला.

"घाबरू नको रे बाबा," ती म्हणाली. "आमच्या पोरी असा रगत देऊन पोरा काढतात."

माधवराव थेंबथेंब रक्त सोडत चंद्रभागेच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते म्हणाले, "लागली." नाडी लागली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "पोर रडला का?" बाळ घरी जावेजवळ रडून रडून वस्ती उठवत होतं.

दुपारी मी माझ्या टेबलाशी बसलो. दोन पेट्यांची झाकणं समोर ठेवली. पहिल्या पेटीत मी टाचण्या ठेवत होतो, म्हणजे तिचं झाकण रोज उघडत होतो; पण दोन्ही झाकणं शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. पहिल्या झाकणावर लिहिलं होतं: कशातच गुठळ्या नाहीत, एक नंबर, दोन्हींत गुठळ्या, चार नंबर. दुसऱ्या झाकणावर: कशातच नाहीत, चार नंबर, दोन्हींत, एक नंबर. दोन आणि तीन दोघांचे सारखे. दोन विद्वानांनी दोन पद्धती काढल्या होत्या आणि दोन दुकानदार दोन तक्ते चिकटवत होते. मिरकरवाड्याचे एक नंबर आणि कचेरीचे चार नंबर हे एकच. आज ज्याला ओ म्हणतात, ते. अण्णांचा एक नंबर म्हणजे मिरकरवाड्यातला विरळा चार नंबर. रत्नागिरीचं रक्त इथूनतिथून सारखं होतं. फरक झाकणात होता.

मी दोन्ही झाकणं माधवरावांपुढे नेऊन ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली.

"किती जणांना काय काय खायला सांगितलंत?"

"सात-आठ असतील."

"घरोघर जाऊन परत सांगून या."

गेलो. बाळा तांडेल जाळं शिवत होता. मी म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. म्हावरं खायला हरकत नाही."

तो म्हणाला, "सोडलंवतं कुणी?"

बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. ज्या सल्ल्याच्या जोरावर मी लेख लिहिला होता, तो अण्णांखेरीज एकानेही पाळलेला नव्हता. अण्णांना सांगायला मात्र पाय जड झाले. चाळीस वर्षांचा आचार मी एका चुकीच्या झाकणापायी मोडायला लावला होता. मी सगळं सांगितलं. पाया पडायचंच बाकी ठेवलं.

ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझं रक्त मासे मागत नाही."

"नाही."

"मग पोट कसं बरं झालं?"

ते माधवरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. भाट्यापर्यंत जाऊन येऊन दोन-तीन मैल चालणं होत होतं, आणि त्यापायी कचेरीसमोरची संध्याकाळची भजी बंद झाली होती. मी तसं सांगितलं. अण्णांनी दाराबाहेर डोकावून घेतलं.

"हे आमच्या घरात बोललात?"

"नाही."

"तर मग बोलू नका. औषध मध्येच सोडू नये."

मासिकाच्या संपादकांना मी लेख परत मागवणारं पत्र घातलं. उत्तर आलं, की लेख फार उद्बोधक वाटला, आणखी काही जणांची माहिती जोडून पाठवल्यास छापू. मी परत पत्र घातलं. तेव्हा कुठे लेख परत आला.

चंद्रभागा दोन आठवडे इस्पितळात होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासूने मला व्हरांड्यात गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "डाक्तर, एक विचारू? बामनाचा रगत घातलंव तुमी तिला. आता ती म्हावरा खाईल ना? का आमी तिला वरणभातच घालायचा?"

महिन्यापूर्वी विचारलं असतं, तर मी रजिस्टर काढून तिला खुर्चीवर बसवलं असतं. आता म्हणालो, "मला माहीत नाही. तुम्ही घालून बघा आणि मला सांगा."

दुसऱ्या दिवशी तिने घरून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार आणलं. चंद्रभागेने वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि बोटाने तळ पुसून घेतला. सासूने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी रजिस्टर आणलं, रूळ घेतला आणि 'आहार' आणि 'प्रकृती' या दोन रकान्यांवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभी रेघ मारली.

पुढे पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. रक्त देण्याआधी काच बघितल्याशिवाय बरणीला हात लावला नाही, आणि नवीन पेटी आली की आधी झाकण वाचलं. हाताखाली आलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरला मी हेच दोन नियम सांगत असे. ते मान हलवत आणि मनात म्हणत असणार, म्हातारा जळतोय.