पहिला घाव

चामटोलीच्या वाटेवर रोज सकाळी फिरायला जाताना एक बाई तिच्या परसात दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. वेलावर एकच भोपळा ठेवून बाकीची फुलं ती खुडून टाकायची. भोपळ्याखाली पेंढा, वर ऊन लागू नये म्हणून जुनं लुगडं. सुतळीने त्याचा घेर मोजायची आणि माझ्याकडे बघून नुसती हसायची. बघता बघता भोपळा बसलेल्या वासराएवढा झाला.

परवा गेले तर तिने त्याच्यावर कोयता उगारलेला. मी धसकलेच. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही. पुरुषाने घालायचा, मग बाईने चिरायचा. माझ्या सासरी अजून हेच चालतं.

"अहो मावशी, थांबा!" मी कुंपणावरून हात पुढे केला. "आधी कुणा पुरुषाला बोलवा ना."

"करोनात आमच्या ह्यांना अग्नी मी दिला, बाय," ती म्हणाली. "तवा एक पुरुष पुढं आला नव्हता."

कोयता खचकन बसला. तिला अडवायला पुढे केलेला माझा हात तसाच हवेत राहिला होता. पहिली फोड तिने त्याच हातावर ठेवली.