रफिक चाचांचं पान

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्याच्या हाती बाकी काही लागत नाही, किस्से तेवढे जमतात! माझा क्लास अकोल्यात, भाऊसाहेबांच्या दुकानाच्या माडीवर. खाली बियाणं, खत आणि कापसाची खरेदी. वर मी वेबपेज शिकवायचो. लागोपाठ तिसरं पीक हातचं गेलं तेव्हा खालची गर्दी ओसरली आणि वरची वाढली. "शेतीत काई रायलं नाई, कम्प्युटर शीक," म्हणत बाप पोरांना आणून सोडायचे.

त्या पोरांत पन्नाशीचे रफिक चाचा बसायचे. बाळापूरचे बोर्ड पेंटर. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश सुटला. पहिल्या दिवशी त्यांनी माउस हातात घेतला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. मी दचकलो.

"आदत हाये, सर. जादा रंग झटकतो!"

*

मोर्शीचा प्रवीण क्लासमधला हुशार. त्याचं पहिलं पेज संत्र्यावर: मागे केशरी रंग, त्यावर पिवळी अक्षरं. चाचांनी मॉनिटर खिडकीत ठेवायला लावला, जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि तिथून ओरडले, "बेटा, संत्रं दिसते, नाव नाई दिसत!"

मी दोन दिवस 'कॉन्ट्रास्ट' शिकवत होतो. तो पोरांना कळला त्या ओरडण्यानंतर.

*

मग पेज मोबाइलवर मावेना. प्रवीणने अक्षरं मुंग्यांएवढी केली. चाचा म्हणाले, "पान्याच्या टाकीवर मी अख्खा पत्ता लिवत होतो. ऑटोच्या पाठीवर फक्त नाव. जागा लहान झाली तं अक्षर नाई, शब्द कमी कराचे!"

हे मी अजूनही शिकवतो. चाचांचं नाव सांगत नाही, एवढंच.

*

वानखडे गुरुजी निवृत्त मास्तर, घरची थोडी कापसाची शेती. नजर गेलेली, फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो ते ऐकायचे. मी त्यांना पोरांची पेजेस तपासायला बोलवायचो. प्रवीणच्या पेजवर नऊ फोटो, आणि कशाचा फोटो ते एकालाही लिहिलेलं नाही. फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र."

गुरुजी म्हणाले, "घर भरलेलं हाये, पन कोनी ओ देऊन नाई रायलं!"

*

पुढे भाऊसाहेबांना दुकानाचं पेज हवं झालं. ज्याचं पेज चांगलं, त्याला कायमचं काम. चाचा मला म्हणाले, "सर, हे नाई भेटलं तं ब्रश बी गेला नि माउस बी." मला खरंच वाईट वाटलं. भाऊसाहेबांची अट एकच: आपल्या कापसाच्या भावाशेजारी बाजार समितीचाही भाव पाहिजे. "लोकायले दुकान खरं वाटलं पायजे!"

निवाड्याला गुरुजी. त्यांची कापसाची गाडीही त्या दिवशी खाली वजनाला उभी होती.

प्रवीणने भाव फोटोत टाकले होते. फोन म्हणाला, "चित्र."

चाचांच्या पेजवर तो खणखणीत बोलला. आधी समितीचा भाव, मग भाऊसाहेबांचा. दुसरा कमी होता.

गुरुजींनी फोन खिशात ठेवला आणि खिडकीतून हाक दिली, "गाडी फिरव रे! मार्केटात चाललो!"

भाऊसाहेब गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग चाचांना बाजूला घेऊन म्हणाले, "काम तुमचंच, चाचा. पन तो समितीचा भाव जरा बारीक अक्षरात लिवा."

"लिवतो ना, साहेब," चाचा म्हणाले. "गुरुजीले काय फरक पडते?"