समोरच्या काकांचं गाव

प्रत्येक माणसाला एक गाव असतं आणि बहुतेकांचं ते जन्मानेच ठरलेलं असतं. आमच्या समोरच्या घरातल्या काकांनी मात्र स्वतःचं गाव स्वतः निवडलं होतं, आणि निवडताना ते गाव आपल्याला निवडतंय का, याची चौकशी केली नव्हती. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये त्यांचं निम्म्याहून अधिक आयुष्य गेलेलं. इथेच घर घेतलं, इथेच मुलं वाढवली, मोटारींच्या कंपनीतून इथेच रिटायर झाले. तरीही काका "आमच्या गावी" म्हणाले की नवा माणूस सरसावून बसे. बोलण्याचा हेल वऱ्हाडी असल्यामुळे आता संत्र्याचा नाहीतर कापसाचा काही किस्सा येणार, असं त्याला वाटे. येई ती दक्षिण जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावाची गोष्ट. त्या गावाचं नाव उच्चारायला आधी घसा साफ करावा लागतो. आमच्या मुलांनी एकदा तसा प्रयत्न केला, तेव्हा काकूंनी त्यांना आल्याचा काढा आणून दिला.

तरुणपणी पुण्याच्या एका कारखान्याने काकांना त्या गावात फोर्जिंग शिकायला पाठवलं होतं. गावात एक चर्च, एक रस्ता आणि गावापेक्षा मोठा कारखाना. तापलेलं लोखंड साच्यात ठोकून तिथे ट्रकचे भाग बनत. काकांच्या सांगण्याप्रमाणे तिथला घण पडला की घरोघरी फडताळातले कप चालू लागत, म्हणून गावातले लोक कप खुंट्यांना टांगून ठेवत. पाहुण्यांना आवाजामुळे झोप येत नसे आणि गावकऱ्यांना सुट्टीच्या दिवशी शांततेमुळे. यात अतिशयोक्ती असावी असं मला वाटायचं. पण काकूंनी सांगितलं की लग्नानंतर नोव्हायला आल्यावर काकांना झोपच लागेना. शेवटी त्यांनी कपड्यांच्या ड्रायरमध्ये काकांचे बूट टाकून तो चालू केला. बूट आत धाड धाड आपटू लागले आणि काका घोरू लागले. "माझा संसार असा सुरू झाला," काकू म्हणाल्या.

त्या गावात दर शनिवारी घरासमोरचा रस्ता झाडायची पद्धत होती, म्हणून काका दर शनिवारी ड्राइव्हवे झाडत. मिशिगनमध्ये शनिवारी गुडघाभर बर्फ असू शकतं, ही काकांच्या दृष्टीने मिशिगनची चूक होती. ते बर्फ बाजूला करून खालचं झाडत. गावात झाडण्याची पाळी ज्याची असेल त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगली जाई. काकांनी गराजमध्ये बसून तशी पाटी केली, तिच्यावर जर्मन अक्षरं कोरली आणि शेजारच्या अमेरिकन गृहस्थांच्या दाराला लावून आले. त्यांना ती भेटच वाटली. त्यांनी ती दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर लावली आणि आभार मानायला केक घेऊन आले. काकांनी केक खाल्ला आणि दर शनिवारी त्यांचाही ड्राइव्हवे झाडायला सुरुवात केली.

तिकडे रोज सकाळी घराच्या सगळ्या खिडक्या उघडून हवा बदलतात. त्यामुळे ऐन जानेवारीत काका खिडक्या सताड उघडत, आणि काकू अंगात कोट घालून पोळ्या लाटत. "आजोबा, इट्स फ्रीझिंग," नात ओरडे. "गोठलं तर पाणी गोठतं, माणूस नाही," काका म्हणत. मराठी मंडळाच्या गणपतीची आरती अकराला असं कळवलं होतं, तेव्हा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये अकराच्या ठोक्याला काका आणि तिथला सफाई कामगार असे दोघेच हजर होते. काकांनी आरती म्हटली, त्या माणसाने टाळ्या वाजवल्या. बाकीचे पोचले तेव्हा दोघं मोदक खात बसले होते. पुढच्या वर्षापासून मंडळ सगळ्यांना एक वेळ कळवू लागलं आणि काकांना दुसरी.

एवढं प्रेम असून काका परत तिथे कधी गेले नव्हते. मुलांनी तिकिटं काढायची तयारी दाखवली की ते म्हणत, "बघू. आत्ता तिथे फार गर्दी असेल." त्या गावात गर्दी कशाची असणार, हे कोणी विचारत नसे.

गेल्या वर्षी माझ्या कंपनीने मला एका सप्लायरकडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं. नकाशावर पाहिलं तर काकांचं गाव तिथून तासाभराच्या अंतरावर. मी हे सहज बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. "ह्यांना घेऊन जा बरोबर," म्हणाल्या. "गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ देत. नाही म्हणतील, तर मी बॅग भरून ठेवलीय म्हणून सांग."

काका नाही म्हणाले, आणि आले.

माझं काम संपल्यावर आम्ही गाडीने गावात पोचलो. गाव नीटनेटकं होतं आणि अगदी शांत होतं. काका खिडकीची काच खाली करून बसले होते. काही ऐकू येतंय का ते पाहत असावेत. कारखान्याचा बराचसा भाग पाडून तिथे सुपरमार्केटचं पार्किंग झालं होतं. एक शेड तेवढी शिल्लक होती. तिच्यात कमरेला दोर बांधून तरुण मुलं-मुली खोट्या दगडांच्या भिंतीवर चढत होती. काका दारात उभे राहून वर छताकडे पाहत राहिले. "क्रेनचे रूळ आहेत अजून," एवढंच म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, चढायचे बूट भाड्याने हवेत का. काकांनी त्यांच्या जर्मनमध्ये काहीतरी उत्तर दिलं. ती आधी चकित झाली, मग हसली. म्हणाली, "माझी आजी अशी बोलायची. आता कोणी बोलत नाही." आम्ही निघताना आपण होऊन तिने सांगितलं, की कारखान्यातले जुने कोणी भेटलेच तर नदीकाठी लोक भाड्याने घेऊन भाजी लावतात त्या बागांमध्ये भेटतील.

तिथे एका कुंपणाच्या आत एक म्हातारा टोमॅटोंना झारीने पाणी घालत होता. काकांनी त्याला ओळखलं. "क्रेन चालवायचा," ते मला म्हणाले आणि त्यांनी हाक मारली. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. त्या कारखान्यातून कान शाबूत ठेवून कोण बाहेर पडणार? काका त्याच्या नजरेसमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी हात वर केला, तळवा जमिनीकडे वळवला आणि बोटं सावकाश हलवली. घणाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून खालची माणसं क्रेनवाल्याला खुणांनी सांगत. ही खूण 'हळूहळू खाली सोड' अशी होती.

म्हाताऱ्याने काकांकडे पाहिलं, आणि हातातली भरलेली झारी अगदी सावकाश, थेंबही न सांडता जमिनीवर टेकवली.

नंतर त्याने काकांना मिठीच मारली. बाकावर बसवलं, बिअर दिली, गुडघ्यावर थापा मारत मोठमोठ्याने बोलत राहिला. माझं जर्मन ऑफिसपुरतं आहे, पण त्याचा आवाज एवढा होता की बहुतेक कळत होतं. कँटीनमध्ये तू माउथ ऑर्गन वाजवायचास, तो म्हणाला. फोरमनच्या बायकोला रडवलं होतंस. अजून वाजवतोस का?

काकांना टाळही धड वाजवता येत नाही, हे आमच्या मंडळात सर्वांना माहीत आहे.

"कधी कधी," काका म्हणाले.

निघताना म्हाताऱ्याने पिशवीभर टोमॅटो दिले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, तो माउथ ऑर्गनवाला कोण?"

"मद्रासचा एक होता. माझ्या आधीच्या बॅचचा. फार छान वाजवायचा म्हणे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्याला?"

काकांनी टोमॅटोंची पिशवी मांडीवर घेतली. "त्याला कोणीतरी आठवलं ना," ते म्हणाले. "आनंद झाला त्याला. आता तो मीच असायला पाहिजे, असं थोडंच आहे."

नोव्हायला परतल्यावर काकांच्या बोलण्यातून ते गाव हळूहळू कमी झालं. "आमच्या गावी" अजूनही येतं, पण आता पुढे येते ती अमरावती. शाळेमागची विहीर, सायकलच्या दुकानातला रेडिओ, भावांबरोबर केलेली कुस्ती. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर आम्ही ऐकलं नव्हतं. परवा चहाला गेलो तेव्हा काका त्या विहिरीबद्दलच सांगत होते. मी म्हटलं, "काका, डिसेंबरमध्ये मी इंडियाला जातोय. चला, अमरावतीला जाऊन येऊ."

काकांचा चेहरा उजळला. ते तारखा बघायला म्हणून कॅलेंडर आणायला आत गेले, तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या.

"तिथे नको नेऊस रे ह्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढं एक राहू दे."